निरंक यादी

माझ्यासमोर कोणी कमांड मारली आणि स्क्रीन काळी होऊन गप्प बसली, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ऑफिसातली पोट्टी आता मला ओळखून आहेत. मी मागून येताना दिसलो की घाईघाईनं ती खिडकी बंद करतात. बायको म्हणते, एवढ्याशा गोष्टीवरून कशाला बीपी वाढवून घेता. एवढीशी गोष्ट. ह्या एवढ्याशा गोष्टीनं माझ्या ताईची नोकरीची उरलेली सगळी वर्षं खाल्ली, तिची पोरगी तिच्याविना मोठी झाली, आणि ती एवढीशी गोष्ट मी माझ्या हातानं लिहिली होती. म्हणून बीपी वाढतो.

ज्यांचा ह्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कमांड लाइनवरच्या प्रोग्रामला चित्रं नसतात, बटणं नसतात. त्याचं नाव टाइप करायचं, एंटर दाबायचं, तो कामाला लागतो. कशावर काम करायचं हे त्याला दोन तऱ्हेनं कळतं. एक तर नावापुढे तुम्ही फाईलचं नाव लिहिता. नाही लिहिलं, तर तो आपल्या दारातून जे आत येईल ते घेतो. ह्या दाराला स्टँडर्ड इनपुट म्हणतात. तिकडून दुसरा एखादा प्रोग्राम माल पाठवू शकतो, आणि कोणीच पाठवत नसेल तर ते दार तुमच्या कीबोर्डला जोडलेलं असतं. म्हणजे मग तो तुमच्या बोटांची वाट पाहत बसतो. सोय उत्तम आहे. मी जन्मभर तिच्यावरच पोट भरलं, तिला मी नावं ठेवणार नाही. माझं भांडण एवढंच आहे, की वाट पाहत बसला आहेस तर तसं सांग ना. माणसाला वाटतं काम चालू आहे. प्रोग्रामला वाटतं माणूस आता टाइप करेल. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात आणि दिवस निघून जातो.

आमचा गेला. सकाळी सव्वाअकरा ते संध्याकाळी चारपर्यंत.

तेव्हा राज्य नवं होतं आणि रायपूरला राजधानी असण्याची सवय नव्हती. ऑफिसं कमी पडली म्हणून सरकारनं बंगले भाड्यानं घेतले होते. आमचं खातं, त्याचं नाव मी लिहीत नाही, शंकर नगरातल्या एका बंगल्यात बसायचं. साहेबांचा चेंबर म्हणजे त्या घराची मोठी बेडरूम, आवक-जावक स्वयंपाकघरात, ओट्यावर फायली. दिवाणखान्यात चार टर्मिनल, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड, आणि कोठीच्या खोलीत त्यांना चालवणारी युनिक्सची मशीन. ती मशीन मी सांभाळायचो. वय एकतीस, नोकरी कंत्राटी, आणि नागपुरात सहा महिन्यांचा कोर्स करून आलेलो, म्हणून अंगात हा एवढा माज. युनिक्सवाल्यांत एक शिस्त शिकवतात, की प्रोग्रामला सांगण्यासारखं काही नसेल तर त्यानं गप्प राहावं. मी ती शिस्त वेदवाक्य धरून चाललो. माझे प्रोग्राम कधी चकार शब्द काढायचे नाहीत, आणि मला त्याचं कौतुक होतं.

टर्मिनलवर एक दीदी बसायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, इथल्याच, छत्तीसगढी. वीस वर्षं हिंदी टाइपरायटर बडवून मग कॉम्प्युटरवर आलेल्या. मला भैया म्हणायच्या. मी जे सांगेन ते वहीत उतरवून घ्यायच्या आणि तसंच्या तसं करायच्या, त्यात काडीचा फरक नाही. मी त्यांना दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या. पहिली, स्क्रीन चुप असेल तर मशीन काम करून राहिली आहे, तिला हात लावायचा नाही. दुसरी, दिवस संपला की कंट्रोल आणि डी दाबायचं म्हणजे टर्मिनल बंद होतं. ह्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता ताईचं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमच्याच खात्यात लिपिक, पण भोपाळला, कारण ती लागली तेव्हा राज्य एक होतं आणि मुख्य कार्यालय तिथं होतं. भाऊजी इथं रायपूरला रेल्वेत. पोरगी चार वर्षांची, पुरानी बस्तीत आमच्या घरी, आईजवळ. ताई तिकडे एक खोली करून राहायची आणि एक शनिवार सोडून एक शनिवार गाडीनं यायची. रविवारी परत निघताना पोट्टी झोपलेली असली तर बरं, जागी असली तर सगळ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, ऐकू जाईल असा गोंधळ. राज्य तुटलं तेव्हा आम्हाला आनंदच झाला. वाटलं, आता ताई कायमची इकडे येते.

पण कर्मचाऱ्यांची वाटणी झाली त्यात पहिल्या यादीत ताई तिकडच्या राज्यात पडली. मग वरून निघालं की नवरा-बायको दोन राज्यांत पडले असतील तर त्यांनी अर्ज करावा, आणि ज्या राज्यात जायचं आहे तिथल्या कार्यालयानं आपण कोणाकोणाला घ्यायला तयार आहोत ती यादी ठरल्या दिवसापर्यंत भोपाळच्या बैठकीत पोचवावी. आमच्या खात्यात असे त्रेचाळीस अर्ज आले. ताईचा त्यात होता. साहेबांनी सगळ्यांना हो म्हटलं होतं. माणसांची इथं टंचाईच होती, नाही कोण म्हणतो. फक्त यादी छापायची आणि पाठवायची राहिली होती.

यादी छापायचा प्रोग्राम मी लिहिला. अर्जांची फाईल घ्यायची, ज्येष्ठतेप्रमाणे लावायची, वर खात्याचं नाव आणि विषय, खाली सहीची जागा, आणि सरळ प्रिंटरवर धाडायची. स्क्रीनवर काहीच नाही. साहेबांनी एकच अट घातली. म्हणाले, "एक भी आवेदन न हो तो निरंक छपना चाहिए। कोरा कागज नहीं चलता।" सरकारी ऑफिसात ज्यानं दिवस काढले आहेत त्याला हे समजावून सांगायला नको. महिन्याला तीस तक्ते वर पाठवायचे, त्यातले पंचवीस निरंक, म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. निरंक लिहिलं की सगळे खूश. भरलेल्या तक्त्यावर दहा शंका निघतात, निरंकवर आजवर कोणी खुलासा मागितलेला मी पाहिला नाही. मी दोन ओळी वाढवल्या. एकही अर्ज वाचायला मिळाला नाही, तर मधोमध निरंक. त्या दोन ओळी लिहिताना मला वाटलं होतं, वा, काय नेटकं काम केलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळच्या टपालापर्यंत कोणाचा अर्ज आला तर घ्यायचा होता, म्हणून यादी त्या दिवशीच काढायची होती. आणि मी त्या दिवशी रायपुरात नव्हतो. मी भोपाळला ताईची खोली आवरायला गेलो होतो. म्हटलं, यादी काय, दीदी काढतील, एक कमांड तर मारायची आहे. रेल्वे रिझर्वेशनच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला मी ती कमांड लिहून टर्मिनलला चिकटवली. कागद अरुंद, माझं अक्षर मोठं. प्रोग्रामचं नाव एका ओळीत आलं आणि फाईलचं नाव खालच्या ओळीत गेलं. त्याच्या खाली लाल पेनानं लिहिलं, एंटर के बाद हाथ नहीं लगाना.

वीस वर्षं टाइपरायटरवर काढलेली बाई. ओळ संपली की ती काय करणार? तिनं पहिली ओळ टाइप केली आणि ओळ संपली म्हणून एंटर मारलं. स्क्रीन काळी. लाल अक्षरात लिहिलेलं, हात लावायचा नाही. तिनं हात मांडीवर घेतले.

पुढचं मला नंतर सगळ्यांकडून कळलं, आणि ते ऐकताना हसावं की डोकं आपटून घ्यावं समजत नव्हतं. माझा प्रोग्राम दाराशी उभा राहून अर्जांची वाट पाहतोय, आणि समोर सगळं ऑफिस त्याची वाट पाहतंय. दीदींनी जेवायला जाताना एका बाबूला टर्मिनलजवळ बसवलं, कोणी चुकून कीबोर्डला धक्का मारू नये म्हणून. मशीनवर भार नको म्हणून बाकीची तीन टर्मिनलं बंद करून ठेवली. साहेब दोनदा दारात येऊन गेले आणि हळू आवाजात विचारून गेले, "चल रहा है?" हव साहब, चल रहा है. देवाला नैवेद्य दाखवून पडदा ओढतात आणि बाहेर थांबतात, तसे थांबले सगळे.

त्या काळ्या स्क्रीनवर एक ओळ लागत होती. फाईलचं नाव द्या. बस्स. दाराच्या पलीकडे दुसरा प्रोग्राम आहे की कीबोर्डवर माणूस बसला आहे, हे प्रोग्रामला विचारता येतं. तेव्हाही येत होतं. एक ओळ लागते विचारायला, एक ओळ सांगायला. मी लिहिली नाही, कारण मी हुशार होतो आणि माझे प्रोग्राम गप्प राहायचे.

चार वाजले. भोपाळला कागद घेऊन जाणारा बाबू पिशवी घेऊन उभा, संध्याकाळची गाडी धरायची. साहेब म्हणाले, आता जेवढं झालं तेवढं काढा. दीदींनी वही उघडली. बंद करायचं कसं, हे मीच लिहून दिलं होतं. त्यांनी कंट्रोल आणि डी दाबलं.

आणि प्रिंटर सुरू झाला. कंट्रोल-डीचा प्रोग्रामसाठी अर्थ असा, की दारातून आता काही यायचं नाही, संपलं. माझ्या प्रोग्रामनं बिचाऱ्यानं इमानदारीनं मोजलं, किती अर्ज आले, शून्य. मग वर खात्याचं नाव, विषय, खाली सहीची जागा, आणि मधोमध निरंक. तिनं दुसरी ओळसुद्धा टाइप केली असती ना, तर यादीत फाईलचं नाव एक अर्जदार म्हणून छापून आलं असतं, आणि साहेबांना निदान शंका तरी आली असती. पण निरंक इतकं स्वच्छ दिसतं.

दीदी कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळ्यांनी कानावर हात ठेवले. त्या म्हणाल्या, "साहब, इसमें तो निरंक आया है।" साहेबांनी कागद पाहिला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "पाँच घंटे देखा है कम्प्यूटर ने। कुछ होता तो निकालता।" सही केली, शिक्का मारला. ज्या माणसानं आठ दिवसांपूर्वी स्वतःच्या हातानं त्रेचाळीस अर्जांवर मान्य लिहिलं होतं, त्यानं सही केली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हेच.

त्याच वेळी मी भोपाळला ताईच्या पेटीला दोरी बांधत होतो. ताई त्या दिवशी फार बोलत होती. एरवी ती मोजकं बोलते. म्हणे, पोट्टीला आता मी स्वतः शाळेत घालीन, आई लाडावून ठेवते तिला. शेजारणीची सून बाळंतपणाला आली होती, तिला निजायला नव्हतं, तर ताईनं आपला पलंग तिला देऊन टाकला. मी म्हटलं, "ताई, आजची रात्र तर झोप त्याच्यावर." ती म्हणाली, "मले काय करायचा आता तो? दे नेऊन." आम्ही दोघांनी तो पलंग जिन्यावरून खाली नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या ऑफिसातल्या एका बाबूनं येऊन सांगितलं, "आपके रायपुर ने तो निरंक भेजा है।" मी हसलो. मला वाटलं मस्करी करून राहिला आहे. मग त्यानं तो कागद दाखवला. माझीच मांडणी, माझंच शीर्षक, निरंक अगदी मधोमध, कारण मधोमध यावं म्हणून मी जागा मोजून लिहिली होती. ताई माझ्या शेजारी उभी होती. तिनं कागद वाचला आणि मला विचारलं, "हे काय झालं रे?" मी म्हटलं, "पाहतो मी. काहीतरी सरकारी घोळ आहे."

सरकारी घोळ. पहिल्या मिनिटाला माझ्या तोंडून हे निघालं, आणि मग मी तेच धरून ठेवलं.

एसटीडी बूथवरून ऑफिसात फोन लावला. साहेबांनी सही केली म्हणून दीदी निश्चिंत होत्या. म्हणाल्या, "हो गया भैया, टाइम पर निकल गया।" मी कमांड काय मारली ते विचारलं आणि तिथल्या तिथं कळलं. मी त्यांना फोनवर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यानं माझं पोट भरलं नाही. परत आल्यावर सगळ्या ऑफिससमोर पुन्हा ओरडलो. पाच तास मशीन नुसती बसून आहे, हे दिसलं नाही? डोळे कुठे होते? दीदी उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, "दिखता कैसे भैया? उसने तो कुछ पूछा ही नहीं।"

ह्यावर मी आणखी ओरडलो. साहेबांना स्वतःची सही वाचवायची होती, त्यांनी दीदींना लेखी ताकीद दिली आणि कॉम्प्युटरवरून काढून स्वयंपाकघरात, आवक-जावकला बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर तिथंच उभा होता आणि त्यानं मान खाली घालून टर्मिनलवरची चिठ्ठी शोधली. चिठ्ठी नव्हती. मला वाटलं, कोणी फेकून दिली असेल, बरंच झालं.

दुरुस्तीसाठी पत्रं गेली, नाही असं नाही. उत्तर एकच यायचं. आपल्याच कार्यालयानं निरंक कळवलं आहे. भरलेली यादी बदलता येते, त्यात एक नाव घालता येतं, एक काढता येतं. निरंक बदलायचं म्हणजे आपण पहिल्यांदा खोटं बोललो हे लिहून द्यावं लागतं, आणि साहेब ते लिहून द्यायला तयार नव्हते. ज्यांच्या ओळखी होत्या त्यांनी वर जाऊन करून घेतलं, कोणी कोर्टात गेलं. आमच्या घरात कोर्टाची पायरी कोणी चढलेलं नव्हतं, आणि भाऊजी म्हणायचे, पुढच्या वेळी होईल. पुढच्या वेळी मुदत संपलेली असायची.

ताईनं पलंग परत मागितला नाही. दिलेली वस्तू मागायची नाही म्हणाली. जमिनीवर गादी टाकून ती त्या खोलीत किती वर्षं झोपली, ते मी मोजलेलं नाही. पोट्टी इथं पुरानी बस्तीत मोठी झाली. माझ्या आईला ती आई म्हणायची, आणि ताईला भोपालवाली मम्मी. शाळेत पालकांच्या सभेला मी जायचो. सहावीत तिनं निबंधात लिहिलं होतं की माझी मम्मी एक शनिवार सोडून येते. आई सरकारला शिव्या घालायची आणि मीही तिच्या जोडीनं घालायचो, तिच्याहून चार जास्तच. खाई त्याला खवखवे म्हणतात ना. मी ओरडलो सगळ्यांवर. साहेबांवर, दीदींवर, नव्या राज्यावर, जुन्या राज्यावर. एक गोष्ट सोडून सगळं बोललो. त्या गोष्टीपुरता मूग गिळून बसलो.

पुढे मी ते खातं सोडलं, खासगीत गेलो, हाताखाली पोट्टी आली. तेव्हापासून माझा हा नियम आहे आणि तो मोडला तर मी कोणाचं काम पुढे जाऊ देत नाही. प्रोग्रामला फाईल दिली नाही आणि समोर माणूस आहे, तर बोल, काय पाहिजे ते सांग. फाईल दिली असेल तर दाराकडे ढुंकून पाहू नको. दारातून काहीच आलं नाही, तर ती यादी रिकामी आहे असं समजायचं नाही. काही नव्हतं ही एक गोष्ट आहे आणि मला काही दिलंच नाही ही दुसरी, ह्या दोघांना एकच कागद छापशील तर मी तुझा हात मोडीन. पोट्टी हसतात. म्हणतात, सर, जगभरातले मोठेमोठे प्रोग्राम असेच गप्प बसतात. बसू दे. त्यांच्या ताया भोपाळला नसतील.

ताई ह्या वर्षी रिटायर झाली आणि भाऊजींच्या घरी राहायला आली. पोरगीही आता प्रोग्राम लिहिते, पुण्याला असते. दिवाळीला आली तेव्हा हौसेनं मला म्हणाली, "मामा, देखो मैंने क्या बनाया।" मराठी सगळं कळतं तिला, पण बोलते हिंदीतच. तिनं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला, प्रोग्रामचं नाव टाइप केलं, फाईल द्यायला विसरली, आणि एंटर मारलं. स्क्रीन काळी.

मी इतका ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. पोरगी गोंधळून म्हणाली, "मामा, हेल्प में लिखा तो है।" मी म्हटलं, "चिठ्ठीवरही लिहिलं होतं." ती म्हणाली, "कौन सी चिट्ठी?"

आणि मग मी सांगितलं. पहिल्यांदाच. रिझर्वेशनचा फॉर्म, दोन ओळी, कंट्रोल-डी, निरंक, सगळं. ती ऐकत राहिली. रडली नाही, चिडली नाही. सगळं झाल्यावर लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "चलो, मम्मी को बताओ।" मी म्हटलं सणासुदीचं नको. ती म्हणाली, "अभी चलो।" स्कूटीवर मागे बसवून घेऊन गेली मला.

ताई मेथी निवडत बसली होती. मला पाहून चहाचं आधण ठेवलं आणि परत येऊन बसली. मी उभ्याउभ्याच सांगायला लागलो. अर्धं सांगून झालं असेल, तर ती म्हणाली, "मले माहीत आहे."

ताईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"ती दीदी आली होती आईकडे. त्याच महिन्यात, मी शनिवारची आली होती तेव्हा. चिठ्ठी घेऊन आली. म्हणे, दीदी, मैंने जैसा लिखा था वैसा किया, आपका घर मैंने नहीं तोड़ा. तुह्या हातची चिठ्ठी होती. माह्यापाशी आहे अजून."

माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल? मी म्हटलं, "मग तू विचारलं काहून नाही?"

"मी विचारायचं?" ताई म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "मी बसून राहिली वाट पाहत, आज बोलशील, उद्या बोलशील. स्टेशनवर सोडायले यायचास, गाडी सुटेपर्यंत सरकारले शिव्या द्यायचास. मी खिडकीतून पाहायची तुह्या तोंडाकडे. वाटायचं, आता सांगतो. गाडी निघून जायची. चूक तर कोणाकडूनही होते रे. मशीनचा राग नाही आला मले कधी. त्या बाईले साऱ्यांसमोर बोललास, तिचं टेबल गेलं, आणि तू तोंड उघडलं नाही. त्याचा राग आहे, आजही आहे."

मी म्हटलं, "चुकलं माझं, ताई."

ती उठून आत गेली. चहा गाळल्याचा आवाज आला. दोन कप घेऊन बाहेर आली. एक पोरीला दिला, दुसरा स्वतःसमोर ठेवला.

"त्या दीदीकडे गेला होतास?" तिनं विचारलं.

"नाही."

"टिकरापाऱ्यात राहते ती. माहं जाणंयेणं आहे तिच्याकडे, पोट्टीले घर माहीत आहे. आधी तिकडे जाऊन ये," ताई म्हणाली आणि मेथीची जुडी पुढे ओढली. "मग देईन चहा."